घरचा संगणक दुरून वापरायचा असेल तर: खाजगी नेटवर्क आणि त्याआधीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नोकरीनिमित्त पुण्यात राहतात आणि त्यांचे घर नाशिकला आहे. घरच्या डेस्कटॉपवर विंडोज आहे आणि त्यात वडिलांच्या दुकानाचे टॅलीतले हिशेब, घरातली जुनी छायाचित्रे आणि काही कामाच्या फायली आहेत. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी विनंती घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवण्याची मांडणी) करूनही बाहेरून संगणक लागत नाही. सेवादाराकडून स्थिर, म्हणजे न बदलणारा, आयपी पत्ता विकत घ्यावा, की पीअर-टू-पीअर, म्हणजे दोन संगणकांना थेट एकमेकांशी जोडणाऱ्या, पद्धतीचे खाजगी नेटवर्क वापरावे, आणि असे नेटवर्क कितपत सुरक्षित असते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

या कामासाठी स्थिर पत्ता घेऊ नये आणि राउटरवर पोर्टही उघडू नये. आपल्या परिस्थितीत खाजगी पीअर-टू-पीअर नेटवर्क हाच योग्य मार्ग आहे. मात्र हे नेटवर्क उभे करायला फार तर अर्धा तास लागतो आणि बहुतेक लोक काम तिथेच संपले असे समजतात. पुढे काही दिवसांनी संगणक लागेनासा होतो, तेव्हा दोष सहसा नेटवर्कचा नसतो. घरी मागे राहिलेला संगणक वीज गेल्यावर, स्लीपमध्ये गेल्यावर किंवा पासवर्ड मागत थांबल्यावर काय करील, याचा विचार झालेला नसतो. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्या संगणकासाठी राखला आहे.

आधी पोर्ट फॉरवर्डिंग का चालले नाही ते पाहू. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले आहेत. त्यामुळे अनेक सेवादार, विशेषतः मोबाइल इंटरनेट देणारे आणि लहान शहरांतले स्थानिक केबलचालक, प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. सेवादाराच्या केंद्रात आणखी एक मोठा राउटर असतो आणि त्याच्या मागे अनेक घरे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. या व्यवस्थेला कॅरिअर-ग्रेड नॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा २०१२ साली अधिकृतपणे राखून ठेवण्यात आला. आपण आपल्या राउटरवर पोर्ट उघडता खरे, परंतु बाहेरून येणारी विनंती सेवादाराच्या राउटरपाशीच थांबते, कारण ती कोणत्या घरी पाठवायची हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि त्याच्यावर आपला अधिकार चालत नाही.

हे आपल्या बाबतीत खरे आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येते. राउटरच्या पानावर लॉगिन करून 'वॅन' किंवा 'इंटरनेट स्टेटस' या शीर्षकाखालचा पत्ता पाहावा आणि त्याच घरातून एखाद्या संकेतस्थळावर 'माझा आयपी पत्ता' कोणता दिसतो ते पाहावे. दोन्ही पत्ते सारखे असतील तर पत्ता खरोखर सार्वजनिक आहे. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, आणि बाहेर दिसणारा पत्ता वेगळा असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर आणखी वेळ घालवू नये.

पत्ता सार्वजनिक निघाला, किंवा आपण पैसे भरून तो घेतला, तरी विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दुरून पडदा पाहून संगणक चालवण्याच्या सोयीचे, ३३८९ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे हा मोठा धोका आहे. साऱ्या इंटरनेटवरचे पत्ते क्रमाने चाचपणारे स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात आणि उघडे पोर्ट सापडले की पासवर्डचे अंदाज सुरू होतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधला 'ब्लूकीप' हा दोष जाहीर झाला. त्यात पासवर्डचीही गरज नव्हती. उघड्या पोर्टवर विशिष्ट प्रकारे रचलेली विनंती पाठवली की संगणकाचा ताबा घेता येत होता. दोष इतका गंभीर होता, की मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पोर्टचा क्रमांक बदलून दुसरा ठेवावा असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण त्याने फक्त शोधायला थोडा अधिक वेळ लागतो. ज्या संगणकावर दुकानाचे वर्षानुवर्षांचे हिशेब आहेत, त्याची सुरक्षा एवढ्यावर सोडून देऊ नये.

खाजगी नेटवर्क ही अडचण कशी ओलांडते हे नीट समजून घ्यावे, कारण पुढे काही बिघडल्यास त्याच समजुतीच्या आधारे कारण शोधता येते. राउटर बाहेरून आपणहून आलेले काही आत घेत नाही, परंतु आतल्या संगणकाने बाहेर पॅकेट, म्हणजे माहितीचा लहान तुकडा, पाठवले, की त्याची नोंद तो आपल्या तक्त्यात करतो आणि त्याच पत्त्यावरून आलेले उत्तर आत सोडतो. खाजगी नेटवर्कचे सॉफ्टवेअर घरचा संगणक आणि आपला लॅपटॉप या दोहोंवर बसवलेले असते. दोघेही एका ओळखीच्या सर्व्हरशी बोलतात आणि बाहेरून आपण कोणत्या पत्त्यावर व कोणत्या पोर्टवर दिसतो हे जाणून घेतात. सर्व्हर ही माहिती एकाची दुसऱ्याला देतो. मग दोघेही जवळजवळ एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने यूडीपी (माहिती पाठवण्याची एक साधी पद्धत) पॅकेटे पाठवतात. पहिली एकदोन पॅकेटे समोरच्या राउटरपाशी वाया जातात, पण तोवर दोन्ही राउटरांच्या तक्त्यांत नोंद झालेली असते, आणि नंतर येणारे प्रत्येक पॅकेट हे 'आतून पाठवलेल्या पॅकेटचे उत्तर' आहे असे समजून दोन्ही राउटर ते आत सोडतात. या क्लृप्तीला होल पंचिंग म्हणतात. कोणतेही पोर्ट कायमचे उघडलेले नसते, सर्व्हर केवळ गाठ घालून देऊन बाजूला होतो, आणि नाशिक व पुणे यांच्यामधली वाहतूक थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

ही नोंद राउटर फार काळ ठेवत नाही. बरेच राउटर अर्धा मिनिट शांतता राहिली तरी ती पुसून टाकतात. म्हणूनच वायरगार्ड या खाजगी नेटवर्कच्या प्रोटोकॉलच्या मांडणीत जोडणी जिवंत ठेवण्यासाठी दर २५ सेकंदांनी एक लहानसे पॅकेट पाठवण्याची शिफारस आढळते. दोन्ही बाजूंना आयपीची सहावी आवृत्ती मिळत असेल, तर पत्त्यांची वाटणी करावीच लागत नाही आणि थेट जोडणी अधिक सहज होते. भारतात सहाव्या आवृत्तीचा प्रसार चांगला झाला असल्यामुळे याचा लाभ आपल्याला अनेकदा नकळत मिळतो. म्हणून राउटरवर ती बंद असेल तर आवर्जून चालू करावी.

थेट जोडणी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. काही नॅट, म्हणजे अनेकांना एकच पत्ता वाटून देणारे राउटर, प्रत्येक नव्या गंतव्यासाठी वेगळे पोर्ट वापरतात. त्यामुळे ओळखीच्या सर्व्हरला दिसलेले पोर्ट आणि लॅपटॉपसाठी वापरले जाणारे पोर्ट यांचा मेळ बसत नाही. एका बाजूला असे नॅट असेल तर बहुधा मार्ग निघतो, पण दोन्ही बाजूंना असेल तर कठीण होते, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा अनुभव विशेष येतो. अशा वेळी चांगली सॉफ्टवेअरे वाहतूक मध्यस्थ सर्व्हरमार्गे, म्हणजे रिलेमार्गे, वळवतात. एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करणे, दोन टोकांमध्येच होत असल्याने रिलेला आतला मजकूर वाचता येत नाही. फरक पडतो तो वेगात. टेलस्केल या खाजगी नेटवर्कच्या सॉफ्टवेअरचा एक रिले बेंगळुरूला आहे, त्यामुळे पुणे ते नाशिक हा प्रवास त्या मार्गाने झाला तरी टॅलीसारखे काम करता येते. मोठ्या फायली हलवताना मात्र रिलेची मर्यादा लगेच जाणवते. 'टेलस्केल पिंग' ही आज्ञा घरच्या संगणकाचे नाव देऊन चालवली, की उत्तर थेट आले की रिलेमार्गे, हे स्पष्ट लिहून येते. वेग कमी वाटला तर सर्वप्रथम हे पाहावे.

आता कोणते सॉफ्टवेअर निवडावे याविषयी. या कल्पनेला घराघरांत पोहोचवले ते २००४ साली आलेल्या हमाचीने. त्याने आपल्या आतल्या पत्त्यांसाठी त्या वेळी कोणाला न दिलेला ५ ने सुरू होणारा पट्टा घेतला होता, आणि पुढे तोच पट्टा युरोपातल्या नोंदणी संस्थेला अधिकृतपणे मिळाल्यावर हमाचीला २०१२ मध्ये पत्ते बदलावे लागले. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने हमाचीकडे जाण्याचे कारण उरलेले नाही. सध्याच्या बहुतेक चांगल्या पर्यायांच्या मुळाशी वायरगार्ड आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, सामील झाला. त्याचा मूळ कोड काही हजार ओळींचाच असल्यामुळे तपासणाऱ्यांना तो पूर्ण वाचता येतो, आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही, म्हणून चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. मात्र निव्वळ वायरगार्डला किमान एका बाजूचा पत्ता पोहोचण्याजोगा लागतो. दोन्ही टोके कॅरिअर-ग्रेड नॅटच्या मागे असली की त्याचे गाडे तिथेच अडते.

टेलस्केल ही उणीव भरून काढते. एन्क्रिप्शनच्या चाव्यांची देवाणघेवाण, होल पंचिंग आणि रिले हे सगळे ते सांभाळते, आणि प्रत्यक्ष वाहतूक वायरगार्डनेच होते. झीरोटिअर हा दुसरा पर्याय आहे. त्याची रचना वेगळी असून तो दूरदूरचे संगणक जणू एकाच स्विचला जोडले आहेत असे भासवतो. एकाच लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या किंवा कचेरीतल्या एकाच स्थानिक नेटवर्कमध्ये, असल्याशिवाय न चालणारी जुनी सॉफ्टवेअरे वापरायची असतील तर तो उपयोगी पडतो. ज्यांना स्वतःचा सर्व्हर चालवण्याची सवय आहे त्यांनी हेडस्केल पाहावे. टेलस्केलच्या नियंत्रण सर्व्हरची जागा घेणारी ती मुक्त स्रोत प्रणाली आहे. आपल्या गरजेला मी टेलस्केल सुचवीन, कारण दोन संगणक आणि एक फोन एवढ्यासाठी वेगळा सर्व्हर सांभाळणे म्हणजे काळजीचे आणखी एक ठिकाण निर्माण करणे आहे, आणि घरगुती वापरासाठी टेलस्केलची मोफत योजना पुरेशी आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न येथे नेमकेपणाने मांडला पाहिजे. प्रत्येक उपकरणाची खाजगी चावी त्या उपकरणातच तयार होते आणि तिथेच राहते. नियंत्रण सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक चाव्या असतात. त्यामुळे आपली वाहतूक कंपनीला वाचता येत नाही. पण कोणती सार्वजनिक चावी आपल्या नेटवर्कमधली आहे, हे तोच सर्व्हर प्रत्येक उपकरणाला सांगतो, म्हणजे त्याच्यावर तेवढा विश्वास ठेवावा लागतो. नव्या उपकरणाला आपल्याच एखाद्या जुन्या उपकरणाने मान्यता दिल्याशिवाय आत येऊ न देण्याची 'टेलनेट लॉक' ही सोय याच कारणासाठी आहे. माझ्या मते त्याहून मोठा धोका अगदी जवळ असतो. टेलस्केलचे स्वतःचे पासवर्ड नसतात, आपण गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत येतो. ते ईमेल खाते ज्याच्या हाती गेले, त्याला आपल्या नेटवर्कमध्ये स्वतःचा संगणक जोडता येतो. म्हणून त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी आजच लावावी, आणि ती केवळ एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर अॅप किंवा पासकी वापरून करावी. घरातल्या चार जणांनी मिळून वापरायच्या ईमेल खात्यावर हे नेटवर्क उभे करू नये. कचेरीच्या लॅपटॉपवर ते बसवण्याआधी तिथल्या आयटी विभागाची लेखी परवानगी घ्यावी.

यापुढचे काम नाशिकला, त्या संगणकासमोर बसून करायचे आहे. पहिली गोष्ट, विंडोजवर टेलस्केल नेहमीच्या मांडणीत वापरकर्त्याच्या लॉगिनशी बांधलेले असते. संगणक पुन्हा सुरू होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबला, की नेटवर्कही थांबते, आणि लॉगिन करण्यासाठी नेटवर्क हवे असते. घोडे इथेच पेंड खाते. खालच्या पट्टीतल्या टेलस्केलच्या चिन्हावर क्लिक करून प्रेफरन्सेसमध्ये 'रन अनअटेंडेड' हा पर्याय चालू केला, की कोणी लॉगिन केले नसतानाही जोडणी राहते. दुसरी गोष्ट, प्रत्येक उपकरणाच्या चावीची मुदत नेहमीच्या मांडणीत १८० दिवसांची असते. सहा महिन्यांनी संगणक पुन्हा ओळख मागतो आणि तेव्हा त्याच्यासमोर कोणी नसते. टेलस्केलच्या नियंत्रण पानावर घरच्या संगणकापुरती ही मुदत बंद करावी. लॅपटॉपची आणि फोनची मात्र चालूच ठेवावी, कारण हरवण्याची शक्यता त्यांचीच असते.

रिमोट डेस्कटॉपसाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्तीच्या संगणकावरून दुसरीकडे जाता येते, पण दुसऱ्याला तिच्यात येता येत नाही. होम असेल तर इंटरनेटवर मिळणाऱ्या जुगाडू फायली वापरून ही मर्यादा तोडू नये. प्रोचा परवाना घ्यावा किंवा रस्टडेस्कसारखे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर बसवून त्यात थेट आयपी पत्त्याने जोडण्याची सोय चालू करावी आणि टेलस्केलने दिलेला पत्ता वापरावा. लॉगिनच्या बाबतीत दोन अडचणी हटकून येतात. घरच्या संगणकाला अनेकदा पासवर्डच नसतो, आणि रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज दुरून आत येऊ देत नाही. दुसरे म्हणजे, रोज चार आकडी पिन टाकण्याची सवय झालेली असते, आणि ती पिन त्या संगणकापुरतीच असल्यामुळे रिमोट डेस्कटॉपवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो कित्येकांना आठवतही नसतो. नाशिक सोडण्यापूर्वी तो एकदा टाकून पाहावा.

रिमोट डेस्कटॉपने आत शिरताच घरच्या पडद्यावर कुलूप लागते, हेही लक्षात घ्यावे. वडील त्याच खात्यातून टॅलीत पावती टाकत असतील तर त्यांचे काम मध्येच थांबेल. त्यांच्याबरोबर तोच पडदा पाहत काही समजावून सांगायचे असेल तर रस्टडेस्क किंवा व्हीएनसी (तोच पडदा दोघांना दाखवणारी तशीच प्रणाली) योग्य, आणि ते नसताना एकट्याने काम करायचे असेल तर रिमोट डेस्कटॉप योग्य. दोन्ही बसवून ठेवण्यास हरकत नाही. दोन्हींची वाहतूक खाजगी नेटवर्कमधूनच जाऊ द्यावी. त्यासाठी विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या नियमाची व्याप्ती १००.६४.०.०/१० (टेलस्केलही आपले पत्ते याच पट्ट्यातून देते) एवढ्याच पत्त्यांपुरती मर्यादित करावी, म्हणजे पुढे कोणी चुकून राउटरवर पोर्ट उघडले तरी हा दरवाजा बंदच राहतो.

विजेचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच राहून जातो. देखभालीसाठी काही तास वीज बंद राहणे किंवा पावसाळ्यात ती वारंवार जाणे आपल्याकडे नवे नाही. प्रत्येक वेळी वीज परत आल्यावर संगणक स्वतःहून सुरू झाला पाहिजे. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ मांडणीत, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच अर्थाचा पर्याय असतो. तो 'पॉवर ऑन' वर ठेवावा. लॅपटॉपमध्ये हा पर्याय क्वचितच असतो, म्हणून घरी कायम ठेवायच्या यंत्रासाठी डेस्कटॉप किंवा मिनी पीसी बरा. डिस्कला एन्क्रिप्शन असेल तर सुरू होताना ती काही मागते का तेही पाहावे. विंडोजचा बिटलॉकर संगणकातल्या टीपीएम या चावी जपणाऱ्या चिपच्या भरवशावर असेल तर न विचारता पुढे जातो, पण सुरुवातीची पिन ठेवली असेल तर तो तिथेच थांबतो. लिनक्सवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर सांकेतिक वाक्य टाकेपर्यंत नेटवर्कही सुरू होत नाही.

संगणकाला यूपीएस असतो, पण राउटर आणि फायबरची ओएनटी पेटी भिंतीवरच्या साध्या प्लगवर असते, असे चित्र अनेक घरांत दिसते. मग संगणक चालू राहतो आणि जोडणी मात्र जाते. या दोन्ही पेट्यांना लागणारी वीज फार कमी असते, आणि १२ व्होल्टचा लहान डीसी यूपीएस त्यांना बराच वेळ चालवतो. यातला खर्च खरोखर सार्थकी लागतो.

संगणक चोवीस तास चालू ठेवावा का, हा पुढचा प्रश्न. रिकामा बसलेला डेस्कटॉप ५० वॅट घेत असेल तर महिन्याला ३६ युनिट होतात, आणि घरच्या बिलात ते दिसतात. पर्याय म्हणजे त्याला झोपू द्यावे आणि हवे तेव्हा जागे करावे. यासाठी वेक-ऑन-लॅन ही सोय आहे. संगणक झोपलेला असताना त्याचे नेटवर्क कार्ड थोड्या विजेवर जागे असते आणि एका ठरावीक पॅकेटची वाट पाहते. या पॅकेटमध्ये आधी कमाल मूल्याच्या सहा बाइट आणि नंतर त्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) सोळा वेळा असतो, म्हणजे एकूण १०२ बाइट होतात. पण हे पॅकेट घरातल्याच लॅनवर प्रसारित व्हावे लागते. झोपलेल्या संगणकावर टेलस्केलही झोपलेले असल्यामुळे पुण्याहून पाठवलेले पॅकेट स्वीकारायला तिथे कोणीच नसते. म्हणून घरात एक लहानसे, सतत जागे असलेले यंत्र लागते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक उत्तम, कारण त्याला काही वॅटच लागतात. काही राउटरांच्या पानावरही वेक-ऑन-लॅनचे बटण असते. पायवर टेलस्केल बसवावे, एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित सोयीने) त्यावर जावे आणि तिथून संगणकाला जागे करावे. संगणक वायफायवर नसून केबलने जोडलेला असावा, बायोसमध्ये आणि नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांमध्ये वेक-ऑन-लॅन चालू असावे, आणि विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, कारण ते चालू असताना शटडाउन केलेला संगणक अनेकदा जागा होत नाही.

हे यंत्र असले की आणखी एक सोय होते. टेलस्केलमध्ये त्याला सबनेट राउटर नेमले, तर ज्यांच्यावर टेलस्केल बसवता येत नाही अशी घरातली उपकरणे, म्हणजे प्रिंटर, डीव्हीआर किंवा राउटरचे स्वतःचे पान, हीसुद्धा पुण्याहून उघडतात. मात्र नाशिकच्या राउटरचा पट्टा अनेकदा १९२.१६८.१ असा असतो आणि पुण्याच्या भाड्याच्या घरातल्या राउटरचाही तोच असतो. अशा वेळी १९२.१६८.१.१ म्हटल्यावर कोणते घर, हे लॅपटॉपला कळत नाही आणि तो आपल्या खोलीतलाच राउटर उघडतो. नाशिकच्या राउटरवर जाऊन हा पट्टा १९२.१६८.५७ असा काहीतरी वेगळा करावा. हा बदल तिथे असतानाच करावा, दुरून करू नये.

नेटवर्कमध्ये उपकरणे वाढू लागली, की कोणी कोणापर्यंत पोहोचावे याचे नियम घालावेत. टेलस्केलच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक उपकरण दुसऱ्या प्रत्येकाशी बोलू शकते. आपल्या लॅपटॉपला घरच्या संगणकाचे ३३८९ पोर्ट आणि पायचे एसएसएचसाठीचे २२ पोर्ट एवढीच मुभा पुरे, आणि फोनला फक्त पायची. फोन हरवला तर नियंत्रण पानावरून तो लगेच काढून टाकता येतो, पण ते पान उघडण्यासाठी लागणारी पडताळणी त्याच फोनवर अवलंबून नसावी. म्हणून बॅकअप कोड छापून घरात जपून ठेवावेत.

एका गोष्टीकडे मी कळकळीने लक्ष वेधतो. दुरून संगणक चालवण्याच्या अॅपचा आधार घेऊन बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्याकडे खूप घडले आहेत, आणि रिझर्व्ह बँकेनेही २०१९ साली अशा अॅपच्या गैरवापराबद्दल इशारा दिला होता. वडिलांना समोर बसवून सांगावे, की या संगणकावर दुरून काम फक्त आपला मुलगा किंवा मुलगी करते, त्यासाठी त्यांच्याकडून कधीही कोणताही आकडा मागितला जाणार नाही, आणि बँकेचे, वीज कंपनीचे किंवा पोलिसांचे नाव सांगून कोणी नवे अॅप उतरवायला सांगितले तर फोन ठेवून आपल्याला कळवायचे. खाजगी नेटवर्क या बाबतीत उपकारक ठरते, कारण त्यात समोरच्या माणसाने फोनवर क्रमांक वाचून दाखवण्याचा प्रसंगच येत नाही.

हिशेबांची प्रत वेगळी ठेवावी, हेही सांगितले पाहिजे. दुरून पोहोचता येते म्हणजे माहिती सुरक्षित आहे असा समज करून घेऊ नये. टॅलीचा बॅकअप रोज संगणकाबाहेरच्या डिस्कवर आणि आठवड्यातून एकदा आपल्या लॅपटॉपवर यावा. रिमोट डेस्कटॉपमधून टॅली चालवणे बरे, पण टॅलीचा डेटा फोल्डर नेटवर्कवरून लॅपटॉपवर थेट उघडून त्यात नोंदी करू नयेत, कारण मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याची भीती असते.

निघण्यापूर्वी घरीच चाचणी घ्यावी. लॅपटॉपचे घरचे वायफाय बंद करून तो फोनच्या हॉटस्पॉटवर घ्यावा, कारण घरच्याच वायफायवरून घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. जोडणी झाली, की टेलस्केल पिंगने ती थेट आहे का पाहावे. मग संगणकाला झोपवून पायवरून जागे करावे. त्यानंतर घराचा मेन स्विच दहा मिनिटे बंद ठेवावा, पुन्हा चालू करावा, आणि संगणकाला हातही न लावता हॉटस्पॉटवरून आत जाता येते का ते पाहावे. या शेवटच्या चाचणीत तो अडला, तर बायोसचा पर्याय, रन अनअटेंडेड किंवा डिस्कची पिन या तिघांपैकी एक राहिले आहे असे समजावे आणि ते शोधून चाचणी पुन्हा घ्यावी. राउटर आणि पायच्या प्लगवर ठळक अक्षरांत नावे चिकटवावीत, म्हणजे कधी गरज पडली तर कोणता प्लग काढून पुन्हा लावायचा हे वडिलांना फोनवर सांगता येईल.